पेटीवाल्या काकांचा डावा हात: संगणकावरच्या एका लेहऱ्याचं प्रकरण

माझा मावसभाऊ गेली बारा-तेरा वर्षं तबला शिकतोय. रोज दोन तास रियाज, आणि त्यातला बराचसा तीनतालात, म्हणजे सोळा मात्रांचं (ठोक्यांचं) एक आवर्तन, एक फेरा, असलेल्या तालात. एकल तबल्याला लेहरा लागतो. लेहरा म्हणजे सोळा मात्रांत बसणारी छोटीशी धून, पेटीवर किंवा सारंगीवर, आवर्तनामागून आवर्तन तीच. लेहरेवाला स्वतः काही करून दाखवत नाही. तो जमीन धरून बसतो, आणि पेशकार, कायदे, तिहाया अशा तबल्याच्या रचना तबलजी त्या जमिनीवर मांडतो. भावाकडे दर रविवारी शेजारचे पेटीवाले काका यायचे, बाकी दिवशी मोबाइलमधलं लेहऱ्याचं ॲप. मग काका मुलीकडे नाशिकला राहायला गेले आणि रविवारही ॲपच्या वाट्याला आला.

तिसऱ्या आठवड्यात त्याचा फोन आला. "दादा, तुझ्या कॉम्प्युटरवर काहीतरी कर रे. हे वाजतं बरोबर, पण माझ्याबरोबर कुणी बसलंय असं वाटतच नाही."

मी संगणकावर लहानसहान माहितीपटांचं पार्श्वसंगीत जुळवतो. व्हायोलिनचा ताफा खोटा उभा करायचा आणि तो खरा वाटायला लावायचा, हे माझं रोजचं काम. एका पेटीचं काय एवढं, दोन संध्याकाळी पुरतील, असं मी धरून चाललो. काम चार महिने चाललं. त्यात काय काय फसलं आणि का फसलं, ते सविस्तर लिहितो, कारण जे जमलं ते फसलेल्यातूनच कळलं.

पट्टीने आखलेला लेहरा

काका वाजवायचे तीच चंद्रकंसातली धून घेतली. मिनिटाला ८० मात्रांची लय ठेवली, म्हणजे एक मात्रा पाऊण सेकंदाची आणि आवर्तन बरोबर बारा सेकंदांचं. पेटीचे सुटे सूर रेकॉर्ड केलेला एक संच माझ्याकडे होता, तो जोडला आणि स्वर भरले.

संगणकातलं बहुतेक संगीत मिडी नावाच्या भाषेत लिहिलं जातं. ही भाषा १९८३ साली ठरली आणि अजूनही तीच चालते. ती आवाज साठवत नाही, फक्त हालचाल साठवते: कोणती पट्टी दाबली, कधी दाबली, १ ते १२७ या मापात किती जोरात दाबली आणि कधी सोडली. माझ्याकडे एका मात्रेचे ४८० भाग होते, म्हणजे एक भाग साधारण दीड मिलिसेकंदाचा. इतक्या बारीक फुटपट्टीवर सगळे स्वर बरोबर रेघेवर बसवले.

भावाने दोन आवर्तनं ऐकली. "हे तर ॲपच आहे की."

मशीनला पाजली

संगीताच्या जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये स्वर 'माणसाळवण्याची' एक आज्ञा असते. ती प्रत्येक स्वर रेघेवरून थोडा मागेपुढे सरकवते आणि जोर थोडा कमीजास्त करते, किती ते तुम्ही ठरवायचं. मी वेळेला १५ मिलिसेकंद मागेपुढे आणि जोराला २० ची सूट दिली. घरी हेडफोनवर बरं वाटलं. भावाने तबला जुळवला, ठेका धरला आणि चौथ्या आवर्तनाला थांबला.

"याला पाजलीयस का? आधी मशीन होतं, आता दारू प्यायलेलं मशीन आहे."

१५ मिलिसेकंद खरं तर फार नाहीत. आवाज हवेतून सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो. स्पीकर पाच मीटर लांब ठेवला तर तेवढाच उशीर होतो, आणि मैफिलीत लेहरेवाला तबलजीपासून तेवढा लांब बसला तरी कुणी तक्रार करत नाही. त्रास उशिराचा नव्हता, उशिराला काही धरबंध नसण्याचा होता. सॉफ्टवेअर प्रत्येक स्वरासाठी नवा फासा टाकतं. आधीचा स्वर पुढे गेला होता की मागे राहिला होता, हे पुढच्या स्वराला ठाऊक नसतं. आठवण नाही, म्हणून कलही नाही.

माणसाचं असं नसतं. १९७३ साली विंग आणि क्रिस्टोफरसन या मानसशास्त्रज्ञांनी बोटाने ताल धरणाऱ्या माणसाचं एक साधं गणित मांडलं. डोक्यात एक घड्याळ चालतं, आणि घड्याळाची खूण हातापर्यंत पोचायला वेळ लागतो. दोन्हींत थोडी थोडी गफलत असते. हाताची गफलत त्या एका ठोक्यापुरती असते. घड्याळाची मात्र साचत जाते, म्हणून लय हळूहळू सरकते. माझ्या बटणाने फक्त हात थरथरवला होता. घड्याळ तसंच क्वार्ट्झचं राहिलं होतं.

पुढे २०११ मध्ये जर्मनीतल्या होल्गर हेनिग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की माणसाच्या वादनात वेळेचे जे फरक पडतात, ते सुटे सुटे नसतात. आत्ताचा फरक बऱ्याच आधीच्या फरकांशी नातं सांगतो. तसे, एकमेकांशी नातं असलेले फरक घातलेलं संगीत आणि नुसते फासे टाकून बिघडवलेलं संगीत, या दोन्हींत ऐकणाऱ्यांनी पहिल्याला पसंती दिली. भाऊ हे पेपर न वाचता चार आवर्तनांत तेच बोलला होता.

म्हणून फासे बंद केले आणि प्रत्येक स्वराचा सरकाव आधीच्या सरकावावरून काढणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली. लेहरा पाच-सहा मात्रा किंचित पुढे झुकतो, मग कधीतरी मागे येतो. एवढ्याने दारू उतरली. पण खोलीत कुणी बसलंय असं अजूनही वाटत नव्हतं.

स्टॉकहोमचे नियम आणि समेच्या आधीच संपलेली तिहाई

इथे मी जरा जास्त शहाणपणा केला.

स्वीडनमधल्या स्टॉकहोमच्या केटीएच या तंत्रशिक्षण संस्थेत योहान सुंडबेरी आणि त्यांचे सहकारी सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून नेमका हाच प्रश्न सोडवत होते: कागदावरचं स्वरलेखन संगणकाने माणसासारखं वाजवावं यासाठी त्याला काय सांगायचं? त्यांची पद्धत मला फार आवडते. लार्स फ्रिडेन नावाचे एक मुरलेले व्हायोलिनवादक सोबतीला होते. संगणक वाजवायचा, फ्रिडेन ऐकून काय खटकतं ते सांगायचे, सुंडबेरी त्याचा नियम बांधायचे, नियम लावून पुन्हा वाजवायचं आणि पुन्हा फ्रिडेनचे कान. पुढे आंदर्स फ्रीबेरीही या कामात आले. नियमांची यादी वाढत गेली. लहान स्वर आणखी थोडे आखूड करायचे, लांब स्वर आणखी थोडे लांबवायचे. सूर चढेल तसा आवाज किंचित वाढवायचा. एका वाक्याच्या सुरुवातीला लय थोडी उचलायची आणि शेवटी सैल सोडायची. रचनेच्या अखेरची लय कशी मंदावते, याची तुलना तर फ्रीबेरी आणि सुंडबेरी यांनी १९९९ मध्ये थांबत जाणाऱ्या धावपटूच्या गतीशी केली.

प्रत्येक नियमाला कमीजास्त करायची एक कळ असते. नियम कानाला कळेपर्यंत ती फिरवायची, मग कळेनासा होईपर्यंत उलटी आणायची. ही युक्ती मी अजूनही प्रत्येक कामात वापरतो.

माझ्याकडे फ्रिडेनच्या जागी मावसभाऊ होताच. मी सोळा मात्रांचं एक वाक्य धरलं आणि कमानीचा नियम लावला: समेपासून, म्हणजे पहिल्या मात्रेपासून, पाचव्या-सहाव्या मात्रेपर्यंत लय उचलायची, चौदाव्यानंतर सैल. हेडफोनवर ते अप्रतिम लागत होतं. पेटी श्वास घेतेय असं वाटत होतं. मी स्वतःवर खूष होतो.

भावाने कायदा घेतला, त्याचे बोल फिरवून पलटे केले, तिहाई टाकली, म्हणजे एकच तुकडा तीनदा, शेवटचा ठोका बरोबर समेवर यावा असा. तिहाई संपली आणि सम अजून यायचीच होती. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्याने हात मांडीवर ठेवले.

"दादा, हा दर वेळी दारात येऊन थांबतोय. आत ये म्हणावं."

चूक स्वीडिश लोकांची नव्हती. त्यांचे नियम पाश्चात्त्य रचनांवर घासून तयार झालेले, जिथे वाक्य संपतं तिथे खरंच विसावा असतो. तालाच्या आवर्तनाला तसा शेवट नसतो. सोळावी मात्रा ही पुढच्या पहिलीची उंबरठ्यावरची पायरी असते. तिथे लय सैल सोडली तर तबलजीने मनात मोजलेलं सगळं गणित कोसळतं. समेकडे जाण्याची ओढ लेहऱ्यात असतेच, पण ती वेळेतून दाखवता येत नाही. मग कशातून दाखवायची, ते मला कळत नव्हतं.

'चढा सूर मोठा' हा नियम लावायला गेलो तेव्हा उत्तराचं एक टोक हाती आलं. प्रत्येक स्वराचा जोर बदलत बसलो होतो, आणि मध्येच लक्षात आलं की पेटीच्या पट्टीत जोर नसतोच. पियानोची पट्टी जोरात दाबली की आवाज मोठा येतो, पेटीची पट्टी आपटली तरी सूर तेवढाच. पट्टी फक्त दार उघडते. आवाज किती ते भात्यावर ठरतं, आणि भाता सगळ्या सुरांना मिळून एकच. शेजारशेजारच्या दोन स्वरांना मी ७० आणि ९५ असा जोर दिला होता, तो खऱ्या पेटीवर कुणालाच देता आला नसता. दोन आठवडे मी पेटीच्या वेषातला पियानो माणसाळवत होतो.

दिवाळीतलं रेकॉर्डिंग

दिवाळीला काका पुण्यात आले. माझा मिडी कीबोर्ड त्यांच्यापुढे ठेवला, पण त्यावर त्यांचा हात चालेना. डावा हात सारखा मागे जायचा आणि तिथे काहीच नसायचं. शेवटी त्यांचीच पेटी काढली. दोन माइक लावले, एक पट्ट्यांजवळ आणि एक भात्यामागे. मोबाइल उभा करून हातांचं चित्रणही केलं. भाऊ तबल्यावर, काका लेहऱ्यावर, वीस-एक मिनिटं.

हे रेकॉर्डिंग लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात तयार झालेल्या सॉनिक व्हिज्युअलायझर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये टाकलं आणि प्रत्येक स्वर कुठे सुरू होतो त्याची खूण करायला बसलो. तबल्याच्या खुणा संगणक आपोआप करतो, पेटीच्या नाही, कारण पेटीचा सूर ठोक्यासारखा येत नाही, उमलत येतो. हाताने खुणा करत तीन रात्री गेल्या. कंटाळवाणं काम, पण ते टाळलं असतं तर पुढचं काहीच दिसलं नसतं.

पहिलं दिसलं ते बोटांचं. काका एक पट्टी सोडून मग दुसरी दाबत नाहीत. दुसरी वाजू लागल्यावर पहिली सुटते. क्षणभर दोन्ही सूर एकात एक असतात. माझ्या फाइलमध्ये एक स्वर संपला की त्याच क्षणी दुसरा सुरू, अगदी काटेकोर. कागदावर हे निर्दोष दिसतं, कानाला मात्र दोन सुरांमध्ये केसाएवढी भेग ऐकू येते. मी सगळ्या स्वरांना २० ते ४० मिलिसेकंदांचा ओव्हरलॅप दिला. पेटी एका फटक्यात जोडली गेली. या एका बदलाचा फरक आधीच्या सगळ्या उद्योगांपेक्षा मोठा होता, आणि त्यात वेळ मागेपुढे करण्याचा काही संबंधच नव्हता.

दुसरं, मंद्रातले सूर. खालच्या सुराची रीड, म्हणजे हवेने थरथरून आवाज देणारी धातूची जीभ, जाड आणि जड, ती बोलायला वेळ घेते. चित्रणात काकांचं बोट मंद्रातल्या पट्टीवर आधी पोचलेलं दिसतं आणि सूर बरोबर मात्रेवर येतो. विचारलं तर म्हणाले, "मी कुठे आधी दाबतो? वेळेवरच दाबतो." त्यांच्या दृष्टीने ते खरं होतं. मी मंद्राचे स्वर १५-२० मिलिसेकंद आधी टाकले, सगळे एकाच दिशेने, फासे न टाकता.

तिसरं, एकच स्वर दोनदा आला तर काका मध्ये कण घेतात. पेटीवर तोच सूर पुन्हा उठवायचा तर पट्टी सोडून पुन्हा दाबावी लागते आणि तुटक वाटतं. म्हणून शेजारच्या सुराला बोट लावून परत यायचं. हा कण मागच्या मात्रेतून वेळ उसना घेतो, मुख्य स्वर मात्रेवरच बसतो. मी पहिल्यांदा उलटं केलं होतं, कण मात्रेवर आणि स्वर नंतर. भावाने ते ऐकून नुसती मान हलवली, आडवी.

आणि चौथं म्हणजे डावा हात. मी धरून चाललो होतो की भाता लयीत चालतो. नाही चालत. पेटीत बाहेरचा भाता हवा भरतो आणि आतला, स्प्रिंगने दाबलेला भाता ती साठवून ठेवतो, म्हणून बाहेरचा हात लयीला बांधलेला नसतो. काका लहान लहान, आळशी वाटणारे हेलकावे देत राहतात. पण तेराव्या मात्रेच्या आसपास एक भरलेला हेलकावा येतो, आवाज फुगतो, आणि सम त्या फुगीवर बसते. समेनंतर हात सैल. स्वर जागच्या जागी, लय जागच्या जागी, ओढ सगळी हवेत. स्टॉकहोमची कमान बरोबरच होती, फक्त ती वेळेऐवजी भात्यात घालायची होती.

मग सगळ्या स्वरांचा जोर एकसारखा करून टाकला आणि आवाजाची एक सलग रेषा काढली. मिडीत यासाठी ११ क्रमांकाचा कंट्रोलर असतो, तो चालू स्वराचा आवाजही कमीजास्त करू शकतो. दाब वाढला की रीडचा सूर किंचित उतरतो, म्हणून त्याच रेषेला सुराची अगदी थोडी घसरण बांधली, तीन-चार सेंटची. दोन लगतच्या पट्ट्यांमध्ये १०० सेंट असतात, त्यामुळे ही घसरण वेगळी ऐकू येत नाही. बंद केली की मात्र पेटी प्लास्टिकची वाटते.

हे नाशिकला पाठवलं. काकांचा फोन आला. "कोण वाजवतोय हा? बोटं बरी आहेत, पण डावा हात कच्चा आहे. हवा संपायच्या भीतीने सारखा भाता मारतोय."

मी रेषेतले निम्मे हेलकावे काढून टाकले. माझ्या कामाला इतकी मोठी दाद आजवर मिळालेली नाही.

न ऐकणारा साथीदार

एवढं होऊनही एक गोष्ट राहिली. काका वाजवताना ऐकतात. भाऊ रेल्याला, म्हणजे झपाट्याने वाजणाऱ्या बोलांना, लागला आणि लय चढू लागली की काका न सांगता बरोबर जातात. माझा लेहरा कितीही गोड वाजला तरी बहिरा होता. वादकाचं ऐकून साथ करणाऱ्या संगणकाची कल्पना जुनी आहे. रॉजर डॅननबर्ग आणि बॅरी व्हर्को यांनी १९८४ साली पॅरिसच्या परिषदेत ती वेगवेगळी मांडली, आणि पॅरिसच्याच इर्काम या संगीत-संशोधन संस्थेत त्यावर पुढे पुष्कळ काम झालं. पण त्या पद्धती आधी लिहून ठेवलेल्या रचनेचा माग काढतात. भाऊ कोणता पलटा घेणार ते त्यालाच आधी माहीत नसतं.

म्हणून पायाने दाबायचं एक साधं पेडल जोडलं. एकदा दाबलं की लय मिनिटाला दोन मात्रांनी वाढते, पण झटक्याने नाही, पुढच्या अख्ख्या आवर्तनात विरघळत. ही पळवाट आहे, मला मान्य आहे. भावाला मात्र ती आवडली. लय मांडीखाली आल्यासारखी वाटते म्हणतो.

चौथ्या आवर्तनातला श्वास

यानंतर तीन आठवडे काही तक्रार नव्हती. मग एक दिवस म्हणाला, "चौथ्या आवर्तनात अकराव्या मात्रेवर काका नेहमी जरा मागे राहतात."

मी आठ आवर्तनं घडवून ती फिरवत ठेवली होती. शहाण्णव सेकंद. रोज दोन तास तेच ऐकणाऱ्याला आठही आवर्तनं चेहऱ्याने ओळखू येऊ लागली होती. एकदा आलेली लकब माणसाची वाटते, तीच लकब ठरल्या वेळी पुन्हा पुन्हा आली की ती घड्याळाच्या टोल्यासारखी वाजते. आधीच्या सपाट लेहऱ्यापेक्षाही हे वाईट, कारण सपाट लेहऱ्यात वाट बघण्यासारखं काही नव्हतं.

आता काहीच आधी घडवून ठेवलेलं नाही. स्क्रिप्ट प्रत्येक आवर्तन वाजायच्या आधी नवीन तयार करते. काकांच्या सवयी ठरलेल्या आहेत: ओव्हरलॅप, मंद्राची घाई, तेराव्याचा हेलकावा. लयीचा कल मागच्या आवर्तनावरून पुढे चालतो. कण घ्यायचा की नाही ते त्या त्या वेळी ठरतं, पण लागोपाठ तीन आवर्तनं सारखी होऊ द्यायची नाहीत एवढं बंधन आहे.

एकच गोष्ट अजून फिरवून फिरवून वाजते: पट्ट्यांची खुडखुड आणि भात्याचा सुस्कारा, म्हणजे मागच्या माइकवर एकटा मिळालेला ४१ सेकंदांचा तुकडा. बारा सेकंदांच्या आवर्तनाशी तो जुळत नाही, त्यामुळे ८० च्या लयीत तो पुन्हा त्याच मात्रेवर यायला ४१ आवर्तनं, म्हणजे आठ मिनिटं बारा सेकंद जातात. भावाच्या हे अजून लक्षात आलेलं नाही. त्या तुकड्यात एका जागी काका हलकेच खाकरतात. ते शेजारच्या फ्लॅटमधून येतं, असं त्याचं मत आहे.